नो डिस्क

तिसऱ्यांदा आला स्वेनिंग क्राबे,
अठरा किलोंचा प्लेअर नातीच्या बाबागाडीत घालून,
वर ब्लँकेट, कारण ऑर्हूसमध्ये मार्चचा पाऊस आडवा येतो.
माझ्या तळघराला सात पायऱ्या. त्याचं वय एकोणऐंशी.
दोघांनी मिळून उतरवला,
शुद्ध हरपलेला पाहुणा उतरवावा तसा.

पडद्यावर तीच निळी अक्षरं: नो डिस्क.
तबकडी आत असते.
त्याला दिसत नाही.

"एवढ्या पैशात, टोवे, मी होडी घेतली असती."
हे तो दर खेपेला म्हणतो,
आणि दर खेपेला होडी
थोडी लांब झालेली असते.

मी झाकण काढते. आत सगळं देखणं:
तांब्याचे पत्रे, अंबाड्यासारखे घट्ट गुंडाळलेले दोन ट्रान्सफॉर्मर,
सोन्याचा मुलामा, तोही कुणी बघणार नाही अशा ठिकाणी.
आणि या थाटाच्या मधोमध
डाळीएवढं एक भिंग,
प्लॅस्टिकचं, केसाएवढ्या चार तारांवर तोललेलं.
बडा घर पोकळ वासा म्हणावं, तर तसंही नाही.
वासे भक्कम आहेत.
घर आंधळं आहे.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: तो भाग आता बनत नाही.
पुन्हा लिहिलं. ज्याला माहीत होतं
तो माणूस निवृत्त झाला.
तिसरं पत्र न फोडताच परत आलं.

पहिल्या खेपेला मी भिंग नुसतं पुसलं होतं. आठ महिने चाललं.
दुसऱ्या खेपेला स्क्रू पाव फेरा पिळून
लेझरला थोडा जास्त करंट पाजला.
दमलेल्या घोड्याला चाबूक. मला ठाऊक होतं,
त्यालाही सांगितलं होतं.
अकरा आठवडे.

आता डोळाच बदलायला हवा.

रविवारच्या बाजारात, काचेच्या बशा आणि एका पायाच्या बाहुलीशेजारी
एक गुलाबी प्लेअर होता, मुलांचा,
सशाच्या तोंडाचा, गालांच्या जागी स्पीकर,
पाठीवर मार्करनं लिहिलेलं: रिक्केचा आहे, हात लावू नये.
चाळीस क्रोनर. घासाघीस करून तीस.
घरी येऊन पोट उघडलं.
तेच भिंग. तोच नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत.

होडीच्या भावाचं यंत्र आणि ससा
एकाच डोळ्यानं बघत आले होते
इतकी वर्षं.

मनगटाला तार बांधली, लोकरी स्वेटर काढून ठेवला
(त्यातली एक ठिणगीसुद्धा पुरते),
आणि थंडीत कुडकुडत बदलला.

बिल लिहिताना हात अडखळला.
'सुटा भाग' पुढे काय लिहू?
दोन हजार लिहिले असते तर तो खूश झाला असता.
तीस लिहिले.

त्यानं चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं.
मी सशाकडे बोट दाखवलं.
बराच वेळ तो रिक्केचं अक्षर बघत उभा.
"मग मी इतके पैसे कशाचे दिले?"
"बाकीच्याचे," मी म्हणाले.
दुसरं काही सुचलं नाही. खोटंही नव्हतं ते.

त्यानं आणलेली तबकडी लावली. चेलो. दुसरा तुकडा,
चार मिनिटं दहा सेकंद, जिथं तो नेहमी अडकायचा.
त्याचा हात सवयीनं उठला, झाकणावर टिचकी मारायला.
सूर पुढे निघून गेला.
हात तिथंच राहिला, हवेत,
फलाटावर उशिरा पोचलेल्या माणसासारखा.

मग तो हात त्यानं खिशात घातला
आणि तीस क्रोनर वेगळे, सुटे मोजून दिले.
मजुरीचे कार्डानं.

तो गेल्यावर सात पायऱ्यांवरचं पाणी पुसलं.
या डोळ्यालाही तास मोजून मिळालेले आहेत,
आणि सशाच्या घरी तो किती वाजला, कोण जाणे.
रिक्के आता तिशीची असेल.

वहीत खरेदीच्या पानावर,
कथील, स्पिरिट, तीन नंबरचे रबरी पट्टे, यांच्याखाली लिहिलं:
ससे. मिळतील तेवढे.